गोष्ट साताऱ्यात घडते, तर तपशीलही साताऱ्याचाच हवा

मराठी रहस्य, थरार आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे लेखक, त्यांचे संपादक आणि प्रकाशक यांना,

स. न. वि. वि.

२०२६ च्या जानेवारीत ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात झालं. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून आणि त्याआधी-नंतर वाचनालयातून आम्ही साताऱ्यातल्या काही वाचकांनी मुख्यतः लोकप्रिय कादंबऱ्याच आणल्या: खुनाच्या, तपासाच्या, साखर कारखान्याच्या राजकारणाच्या, शिवकाळातल्या आणि बेचाळीसच्या चळवळीतल्या. आम्हाला हे लेखन मनापासून आवडतं. मराठी वाचक टिकवण्याचं काम या पुस्तकांनी केलंय, असं आमचं ठाम मत आहे. हे पत्र लिहितोय ते याच आवडीपोटी.

पुस्तकांची नावं घेत नाही. चूक एकाच पुस्तकात असती तर त्या लेखकाला खाजगी पत्र लिहून भागलं असतं. पण त्याच त्या चुका पुस्तकामागून पुस्तकात भेटतात, आणि त्या लेखकाच्या प्रतिभेपेक्षा छपाईआधीच्या कामातल्या आहेत. ललित लेखात आंब्याचा मोहोर महिनाभर इकडे-तिकडे झाला तर वाचक सोडून देतो. रहस्यकादंबरीचा वाचक मात्र प्रत्येक ओळ पुरावा म्हणून वाचत असतो. दार उघडं होतं की ओढलेलं, चंद्र होता की नव्हता, ऊस केवढा होता, हे सगळं तो मनात जमा करत जातो. तिथे चूक निघाली की त्याला कोडं सोडवायचा धीर राहत नाही, कारण खुणा कोणत्या आणि चुका कोणत्या हे कळायची सोयच उरत नाही.

सुरुवात उसापासून करू. सातारा-सांगलीची कथा म्हटली की तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कुणीतरी उसात शिरतंच. मे महिन्याच्या दुपारी आरोपी पळतो आणि दोन पुरुष उंचीच्या उसात नाहीसा होतो. कोणत्या उसात? आडसाली, पूर्वहंगामी आणि ‘सुरू’ हे उसाच्या लागणीचे तीन हंगाम. कृष्णाकाठी आडसालीची लागण जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत होते आणि तो ऊस १६ ते १८ महिन्यांनी तुटतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, ‘सुरू’ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. शिवाय तुटलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणारा खोडवा. मे महिन्यात आदल्या जुलैची आडसाली माणसापेक्षा उंच असते; जानेवारीतली ‘सुरू’ जेमतेम कमरेला लागते; मार्चमध्ये तुटलेल्या उसाचा खोडवा गुडघ्याच्या आसपास असतो. म्हणजे बांधाच्या एका अंगाला माणूस लपतो आणि दुसऱ्या अंगाला तो रस्त्यावरून सरळ दिसतो. ज्याला ऊस कळतो त्याच्यासाठी हा केवढा मोठा दुवा आहे! गावचा आरोपी आडसालीकडे वळेल, पुण्याहून आलेला खोडव्यात जाऊन उभा राहील. हा फरक लेखकाला माहीत असेल तर तपास अधिकाऱ्याला एका वाक्यात कळेल की पळणारा बाहेरचा होता.

उसातून धावत सुटण्याचे प्रसंगही असेच. सरीच्या दिशेनं माणूस वाकून, पानं बाजूला सारत चालू शकतो. सरीला आडवं जायचं म्हटलं तर दर चार-पाच फुटांवर उसाची रांग फोडावी लागते. पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, त्यांनी हात आणि तोंड चिरतं, आणि बुडातल्या पाचटाची, म्हणजे वाळलेल्या पानांची, बारीक टोचरी कूस अंगाला लागली की खाज थांबत नाही. वारं-पाऊस होऊन ऊस लोळला असेल तर आत शिरणंच अशक्य. तेव्हा फडातून, म्हणजे उसाच्या शेतातून, बाहेर पडलेल्या माणसाच्या शर्टाला घडी असू नये आणि हातावर ओरखडे असावेत. एका कादंबरीत नायक अर्धा मैल उभा-आडवा पळून थेट लग्नाच्या मांडवात जातो आणि कुणालाच काही दिसत नाही. तिथेच आम्ही पुस्तक मिटलं.

मृतदेह फडात सापडण्याबद्दल सांगायचं तर, तो कधी आणि कोणाला सापडेल हे नशिबावर सोडायचं कारणच नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक प्लॉटच्या लागणीची तारीख आणि जात नोंदलेली असते. त्या क्रमानं तोडणीचा कार्यक्रम लागतो, चिटबॉय म्हणजे कारखान्याचा चिठ्ठी देणारा माणूस येतो, तोडणी कामगारांच्या टोळीला चिठ्ठी मिळते. टोळी बहुधा बीड किंवा अहिल्यानगर भागातली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, वर मुकादम आणि त्यानं आधी दिलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे. मृतदेह फडात टाकणाऱ्याला लागणीची तारीख माहीत असेल तर तो फड कधी मोकळा होणार हे त्याला महिनाभर आधी ठाऊक असतं. आणि ज्याला ते ठाऊक होतं त्यांची यादी फार लहान असते. इतकं आयतं कोडं मातीत पडलेलं असताना लेखक मेंढपाळाच्या कुत्र्याला वास येण्यावर का अवलंबून राहतात, हे कळत नाही.

फड पेटवून पुरावा नष्ट करण्याची कल्पना अलीकडे फार वापरली जाते. वाळलेलं पाचट भडकन पेटतं आणि काही मिनिटांत विझतं. उसाचं कांडं रसानं भरलेलं असतं, ते उभंच राहतं. असा जळीत ऊस कारखाने दरात कपात करून घेतात. सरणावर काही मण लाकूड आणि काही तास लागतात तिथे पाचटाच्या आगीत देहाची राख होत नाही. कपडे जातात, कातडी भाजते, हाडं आणि दात राहतात. ही आग पुरावा लपवण्याऐवजी सगळ्या गावाला जागेवर गोळा करते.

आणखी एक. रात्री शिवारात चिटपाखरू नसतं, हे वाक्य कृपा करून काढून टाका. शेतीपंपांची थ्री फेज वीज वर्षानुवर्षं पाळीनं येत आली आहे, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी धरणारी माणसं बॅटरी घेऊन सरीसरीतून फिरत असतात. गुन्हा रात्रपाळीच्या आठवड्यात झाला की दिवसपाळीच्या, यावर साक्षीदार असणार की नाही ते ठरतं. कराडच्या पट्ट्यात तर बिबट्याही उसातच राहतो आणि तोडणीच्या दिवसांत त्याचे बछडे फडात सापडतात, त्यामुळे माणसं एकटीदुकटी जात नाहीत.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. पुण्याहून साताऱ्याकडे येताना आजवर खंबाटकीचा घाट चढावा लागत आला आहे. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी गाडी वर्षानुवर्षं बोगद्यातून गेली आहे. तेव्हा पुण्याकडे पळणारा खलनायक घाटातल्या वळणावर दरीत कोसळणार नाही, बोगद्यानंतरच्या उतारावरच्या वळणाचा विचार करा. नव्या जुळ्या बोगद्यामुळे हेही बदलतं, म्हणून कथेचं साल पक्कं करा. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. त्यानंतरच्या कथेत पुण्याहून आलेली गाडी खेड शिवापूर आणि आनेवाडीच्या नाक्यावर वेळेसकट नोंदली जाते. ती नोंद कशी टळली ते सांगा, नाहीतर तपासात आणा. सातारा रेल्वे स्टेशन राजवाड्याच्या मागे नाही, शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, आणि सातारा रोड हे कोरेगाव तालुक्यातलं वेगळंच स्टेशन आहे. चुकीच्या स्टेशनावर उतरलेला साक्षीदार ही कल्पना कुणालाच कशी सुचली नाही?

पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच दिवशी महाबळेश्वरला दहा फुटांवरचं दिसत नाही आणि माणमधल्या दहिवडीत धूळ उडते. सातारा जिल्हा म्हणजे सगळीकडे हिरवागार, असं लिहिणाऱ्यानं एकदा पुसेगावच्या पुढे जाऊन यावं. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत असतं. वासोट्याला बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचनं जातात, वनविभागाची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात मार्ग बंद असतो. भर ऑगस्टात वासोट्यावर रात्र काढणारी चार मित्रांची टोळी जंगलात पोहोचलीच कशी, याचा खुलासा कादंबरीनं करायला हवा.

सांगलीकडच्या मित्रांनी पुराबद्दल आवर्जून लिहायला सांगितलंय. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आता कथांमध्ये येऊ लागलेत, आणि ते यायलाच हवेत. पण सांगलीचा पूर भिंतीसारखा अंगावर येत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडवरून खाली यायला कितीतरी तास लागतात. आयर्विन पुलाजवळची पातळी लोक तासातासाला विचारतात: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. पाणी आधी नाल्यांतून आणि गटारांतून उलटं शहरात शिरतं, गल्लीच्या सखल टोकाला दिसतं, मग पायरी-पायरीनं चढतं. थरार त्या संथपणातच आहे. कोणती वस्तू माळ्यावर न्यायची, कोणती सोडायची, म्हाताऱ्यांना कधी हलवायचं, हे ठरवायला माणसाला वेळ असतो आणि तरी तो चुकतो. सिनेमातली लाट आणून लेखक हे सगळं गमावतो.

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीखालची. अशा बंद पेवात हवा कोंडते. उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरतो, म्हणून जाणती माणसं पेव बराच वेळ उघडं ठेवतात, दिवा सोडून बघतात आणि तो विझला नाही तरच उतरतात. महापुरानं यातली कितीतरी पेवं निकामी केली. सांगलीच्या हळदीवर लिहिलेल्या रहस्यकथेत पेवाचा उल्लेखही नसावा, याची हळहळ वाटते.

आता पोलीस आणि कायदा. सगळ्यात जास्त पुस्तकं इथेच कोसळतात.

सातारा आणि सांगली इथे पोलीस आयुक्त नाहीत. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक असतात, त्यांच्याखाली अपर अधीक्षक, मग उपविभागीय पोलीस अधिकारी, मग पोलीस निरीक्षक. एसीपी (सहायक आयुक्त) आणि डीसीपी (उपायुक्त) ही पदं मुंबई-पुण्याच्या आयुक्तालयातली. लहान ठाण्याचा प्रमुख पुष्कळदा सहायक पोलीस निरीक्षक असतो. खुनाच्या तपासाला स्थानिक गुन्हे शाखेचं पथक येतं, ज्याला सगळे एलसीबी म्हणतात, आणि ठाणं विरुद्ध एलसीबी ही ओढाताण हाच कथेचा अर्धा रस असतो. गावात पोलीस पाटील असतो. बेवारस मृतदेहाची खबर बहुतेक वेळा तोच देतो. मुंबईहून आलेल्या तडफदार अधिकाऱ्याला सगळं गाव सलाम ठोकतं आणि पोलीस पाटील कुठेच नसतो, असं पुस्तक वाचलं की लेखक गावात उतरलाच नाही हे कळतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ होतं, आता १०३ आहे. खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९ झाला, पुरावा नष्ट करणं २०१ चं २३८, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये. पण गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर तपास आज झाला तरी आरोप जुन्या कलमांखालीच लागतो. २०२५ च्या खुनाला ३०२ लावणारं आणि २०१९ च्या खुनाला १०३ लावणारं, दोन्ही प्रकारची पुस्तकं हाताशी आली. पात्रांच्या तोंडी तीनशे दोन राहिलं तर हरकत नाही, लोक अजून तसंच बोलतात. फिर्यादीच्या कागदावर ते नको. संशयास्पद मृत्यूत आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. शवविच्छेदनानंतर संशय पक्का झाला की खुनाचा गुन्हा दाखल होतो. या दोन नोंदींमधले दिवस आरोपीला मिळालेले असतात. कादंबरीकाराला याहून चांगली मोकळी जागा कोण देणार?

आणि तो शेवट! निरीक्षक टेबलावर हात आपटतो, आरोपी ढसाढसा रडत सगळं कबूल करतो, पुस्तक संपतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आज त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ मध्ये आहे. वापरता येतो तो एवढाच भाग, ज्यातून एखादी वस्तू सापडते. म्हणजे आरोपीनं पंचांसमक्ष निवेदन द्यायचं, पोलिसांना आणि पंचांना घेऊन विहिरीवर जायचं, गाळातून कोयता काढून द्यायचा, जागेवर पंचनामा व्हायचा. आता त्याचं चित्रीकरणही करावं लागतं. पुढे खटल्यात पंच फितूर झाला की सगळं पुन्हा डळमळतं. कबुली हवीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे व्हायला हवी, तीही आरोपीला विचार करायला वेळ देऊन आणि त्यानं कबुली द्यायला तो बांधलेला नाही हे बजावून. अटकेपासून २४ तासांत आरोपीला न्यायालयात उभं करावं लागतं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच. खुनासारख्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनाला पात्र होतो. हे नियम लेखकाचे पाय बांधतात असं समजू नका. तुमच्या नायकापुढे घड्याळ लावायचं काम कायद्यानंच करून ठेवलंय.

शस्त्रं आणि औषधांबद्दल दोनच ओळी. रिव्हॉल्व्हरची रिकामी पुंगळी जागेवर पडत नाही, ती चक्रातच राहते. पडते ती पिस्तुलाची. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून फारसा उपयोग नसतो, कारण चक्र आणि नळीमधल्या फटीतून आवाज सुटतो. रुमालावरच्या क्लोरोफॉर्मनं माणूस दोन सेकंदांत कोसळत नाही. आणि व्हिसेराचा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेल्या आतल्या अवयवांचा, अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर येत नाही, त्याला आठवडे आणि कधी महिने लागतात.

ऐतिहासिक कादंबरीचा विषय नाजूक आहे, पण तिथेही आमचं म्हणणं तपशिलापुरतंच आहे. तारखेबरोबर तिथी बघा. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१. शुद्ध सप्तमीचा चंद्र अर्धा असतो, सूर्य मावळताना तो माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. त्या रात्री पहाटे जावळीच्या रानात टिपूर चांदणं पाडता येत नाही. नियम सोपा आहे: शुद्ध पक्षात चंद्र संध्याकाळी आधीच वर असतो आणि रोज पाऊणएक तास उशिरा मावळतो, वद्य पक्षात तो उशिरा उगवतो, संकष्टीला रात्री नऊच्या आसपास, अष्टमीला मध्यरात्री. इंग्रजांच्या १७५२ पर्यंतच्या कागदांवरच्या तारखा जुन्या पद्धतीच्या असतात, सतराव्या शतकात त्या आजच्या पद्धतीपेक्षा १० दिवस मागे पडतात. दोन साधनांतल्या तारखा जुळत नसतील तर आधी हे तपासा. आणि शिवकाळातल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, पाहुण्याला चहा, भाजीत टोमॅटो-बटाटा नको. वरीचा भात आहे, सुरण आहे, ताक आहे.

बेचाळीसच्या चळवळीतल्या प्रतिसरकारवर, म्हणजे भूमिगतांनी इथे चालवलेल्या समांतर सरकारवर, लिहिताना तर आमच्या दोन्ही जिल्ह्यांचं एकत्र नुकसान होतं. १९४३ साली सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, शिराळा हा भाग सातारा जिल्ह्यात होता आणि सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं होती. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. संस्थानची हद्द ओलांडली की ब्रिटिश पोलिसांचा हात आखडतो, हा त्या काळच्या भूमिगतांच्या हालचालीतला कळीचा भाग. जिल्हा चुकला की तोच निघून जातो. एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली, त्याआधी खाजगी सर्व्हिस मोटारी. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे. १९४३ चा शेतकरी पन्नास पैसे देत नाही, आठ आणे देतो.

भाषेबद्दल आम्ही थोडे हळवे आहोत, ते समजून घ्या. ग्रामीण पात्र आलं की शब्दांची मोडतोड करून एक सरमिसळ बोली तयार होते. एकाच वाक्यात वऱ्हाडचं ‘मले’, कोल्हापूर-सांगलीचं ‘करालायस’ आणि साताऱ्याचं ‘गेलतो’. साताऱ्याच्या खेड्यात ‘काय करतुयास’ म्हणतील, सांगली-मिरजेकडे ‘काय करालायस’, बीडचा तोडणी कामगार ‘जायलोय, करायलोय’ म्हणेल, आणि जतच्या पूर्वेला घरात कन्नड बोललं जाईल. एका फडावर या दोन-तीन बोली सहज एकत्र येतात. आवाजावरून माणूस कुठला हे ओळखणारा हवालदार इथल्या प्रत्येक ठाण्यात असतो, पण कादंबरीत तो अजून भेटला नाही. संबोधनंही पाहा. अनोळखी माणसाला ‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ असं विचारतात. गावच्या पुढाऱ्याला आबा, तात्या, आण्णा, बापू असं काहीतरी लागतं. ‘सरपंचजी’ कुणी म्हणत नाही. बाई नवऱ्याचा उल्लेख ‘आमचं मालक’ किंवा ‘ह्येनी’ असा करते. आणि खेड्यातला प्रत्येक माणूस बोलीत बोलतो असंही नाही. शिक्षक, तलाठी, कॉलेजातली मुलगी आईशी एक भाषा बोलते, साहेबाशी दुसरी. ती भाषा कधी बदलते यावरून तिची भीती दाखवता येते. बोली वापरायची असेल तर एका वहीत प्रत्येक पात्राची पन्नासेक रूपं लिहून ठेवा आणि मुद्रितशोधकाला ती वही द्या. नाहीतर तो ‘हितं’चं ‘इथं’ करतो, पुढच्या पानावर विसरतो, आणि पात्राला दोन तोंडं फुटतात.

याच्या उलट दोषही आहे. मूळ मराठीत लिहिलेली कादंबरी, पण माणसं खांदे उडवतात, भुवया उंचावतात, त्यांच्या कण्यातून थंड शिरशिरी जाते. वाईचा माणूस खांदे उडवत नाही. तो मान वाकडी करतो, ‘चुक’ असा आवाज काढतो, तंबाखू मळत राहतो.

रचनेबद्दल एकच मत मांडतो, कारण बाकीचं लेखकाचं स्वातंत्र्य आहे. खुनी शेवटच्या वीस पानांत पहिल्यांदा दिसणार असेल तर आम्ही ते कोडं मानत नाही. तो पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांशात यायला हवा, काहीतरी कामाचं करताना दिसायला हवा, आणि त्याला दोषी ठरवणारी खूण अधिकाऱ्याच्या आधी नाही तरी त्याच्याबरोबर वाचकाला मिळायला हवी. अलीकडच्या काही पुस्तकांत हे सुरेख जमलंय. पतसंस्थेच्या ठेव पावत्यांवरून, पाणीपट्टीच्या नोंदीवरून उलगडणारी रहस्यं वाचून समाधान वाटलं, कारण खूण समोर होती आणि आम्हीच ओलांडून गेलो होतो. त्याच वेळी, पान वाढवण्यासाठी लांबवलेली पुस्तकंही फार आहेत. १६ पानांचा एक फॉर्मा धरला तर रहस्यकथेला १२-१३ फॉर्मे, म्हणजे दोनशे पानं, पुष्कळ होतात. २५ फॉर्म्यांच्या पुस्तकात मधले आठ फॉर्मे जेवणं, प्रवास आणि आधी सांगितलेलंच पुन्हा सांगण्यात जातात. वाचनालयातल्या प्रतीला याचा आणखी एक त्रास: एवढा जाड गठ्ठा नुसत्या डिंकावर चिकटवलेला असतो, दहा-बारा हातांत फिरला की मधूनच पानं सुटतात. शेवटचं प्रकरण हरवलेलं रहस्य आम्ही वाचनालयाला परत करतो तेव्हा पुढच्या वाचकाचं वाईट वाटतं. जाड पुस्तकाला शिवण हवीच.

करायचं काय, तर पहिला खर्डा झाला की एक घटनापत्रक करा. प्रत्येक प्रकरणासमोर तारीख, वार, तिथी, सूर्यास्त, पिकाची अवस्था, वीज दिवसा की रात्री, आणि त्या क्षणी कोणाला काय माहीत आहे. साताऱ्यात डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. संध्याकाळी साडेसहाला ओळखपरेड करायची तर हा फरक कथेचा निकाल लावतो. मग हस्तलिखित तिघांकडे जाऊ द्या: त्या तालुक्यात शेती करणारा एक, निवृत्त पोलीस किंवा फौजदारी वकील एक, आणि बोली कानात असलेला एक. त्यांना गोष्ट कशी वाटली हे विचारू नका, कुठे अडखळलात ते विचारा. त्यांना तीन आठवडे द्या, मानधन द्या, पुस्तकात नाव द्या. हे काम लेखकानं मित्रांकडून उपकारानं करून घ्यायचं नसतं. संपादकानं वेळापत्रकात धरायचं असतं, मुखपृष्ठ धरता तसं.

सातारा जिल्ह्यापुरतं हे वाचन आम्ही आनंदानं करू. शेतकी खातं, न्यायालय, पोलीस, शाळा आणि वाचनालय अशा ठिकाणी आयुष्य घालवलेली माणसं आमच्यात आहेत. सांगलीकडचेही तयार आहेत.

आपले,
साताऱ्यातले काही वाचक

ता. क. हस्तलिखित जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलताना ‘ऱ्य’ बिघडतो आणि ‘साताऱ्याचा’ छापून येतो ‘सातार्याचा’. आमच्या गावाचं नाव पानापानावर असं दिसतं. नुसता डोळ्यांना त्रास असता तर ठीक, पण अर्थही बदलतो: महाबळेश्वरच्या दऱ्या ‘दर्या’ होतात आणि लग्नातले आचारी ‘आचार्यांच्या’ रांगेत बसतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि य. सगळे ‘र्य’ एका झटक्यात ‘ऱ्य’ करू नका, नाहीतर सूर्य, धैर्य आणि कार्य मोडतील. एकेक शब्द शोधून बदला: सातारा, वारा, दोरा, किनारा, पायरी, दरी, नवरा, म्हातारी, आणि त्यांची सामान्यरूपं. दोनशे पानांच्या पुस्तकाला हे एका दुपारचं काम आहे.